तारखेआधीची माणसं, तारखेनंतरची माणसं

मुंबईत माणशी पाणी धरायची दोन मापं आहेत. इमारतीत राहणाऱ्याला दिवसाला १३५ लिटर, झोपडपट्टीत राहणाऱ्याला ४५. नियोजनाच्या कागदांवर हे दोन आकडे वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बसलेले आहेत. या दोन्ही मापांच्या बाहेर आणखी एक मोठी लोकसंख्या आहे, ज्यांची घरं सरकारने झोपड्यांच्या संरक्षणासाठी ठरवलेल्या 'तारखेनंतर' उभी राहिली. त्यांच्यासाठी बराच काळ मापच नव्हतं.

मी राज्यशास्त्र शिकवते, त्यातही राजकीय सिद्धांत. न्याय, समता, हक्क, सत्ता या कल्पनांचा अभ्यास. अमर्त्य सेन यांनी १९७९ साली स्टॅनफर्डमध्ये एक व्याख्यान दिलं होतं, त्याचा विषयच होता 'समता कशाची?'. पैशाची, संधीची, की माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो आणि काय होऊ शकतो याची? माझ्या विषयाची गेली पन्नास वर्षं बरीचशी याच प्रश्नावर खर्च झाली आहेत. ४५ आणि १३५ या आकड्यांसमोर तो प्रश्न ठेवला की मला माझं काम कुठे आहे ते कळतं.

एम.ए.ला मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या संकुलात जॉन रॉल्स हा अमेरिकी तत्त्वज्ञ पहिल्यांदा वाचला. त्याने १९७१ साली मांडलेली कल्पना सांगायला सोपी आहे. समाजाचे नियम ठरवायला काही माणसं बसली आहेत, पण त्या समाजात आपण कोण असणार हे त्यांना ठाऊक नाही. श्रीमंत की गरीब, कोणत्या जातीत जन्मलेले, धडधाकट की आजारी, काहीच माहीत नाही. अशा अज्ञानाच्या पडद्याआड बसून नियम करायचे म्हटलं की माणूस सगळ्यांत तळाशी कोण राहील आणि त्याचं काय होईल हे आधी बघेल, कारण तो तळाचा माणूस तो स्वतःही असू शकतो. हे वाचल्यावर काही दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. आजही विसाव्या शतकातल्या अत्यंत उदार कल्पनांमध्ये मी ती धरते. पीएच.डी. वितरणात्मक न्यायावर, म्हणजे समाजात कशाचं वाटप कसं व्हावं या प्रश्नावर केली, नोकरी लागली, पूर्व उपनगरातल्या एका कॉलेजात शिकवू लागले.

तोवर माझा न्याय पुस्तकातच होता. तो रस्त्यावर आला एका निकालाच्या निमित्ताने.

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समिती या वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला. सरकारचं धोरण असं होतं की १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही. न्यायालयाने सांगितलं की पिण्याचं पाणी हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि झोपडी बेकायदा आहे एवढ्यावर माणसाला पाणी नाकारता येणार नाही. महापालिकेने यासाठी धोरण करावं, असा आदेश झाला. ओळखीच्या एका कार्यकर्त्याने विचारलं, मॅडम, मानखुर्दच्या वस्तीत सभा आहे, निकाल मराठीत समजावून सांगाल का?

सभा एका बालवाडीच्या खोलीत होती. बहुतेक बायकाच होत्या. पुरुष दारात उभे. जालना, परभणी, बीडकडून आलेली कुटुंबं जास्त, काही उत्तर प्रदेशातली. मी निकाल वाचत गेले, सोपा करत गेले. पाण्याचा हक्क मान्य झाला इथपर्यंत खोलीत आनंद होता. पुढे निकालात आणखी एक गोष्ट आहे, तीही मी सांगितली. बेकायदा झोपडीत राहणाऱ्याला कायदेशीर घरात राहणाऱ्याच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, असंही न्यायालय म्हणतं. यावर पुढे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "मंजे पाणी देनार, पर बरोबरीनं न्हाई."

मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "मंग आमी नेमकं काय जिंकलो?"

याच प्रश्नाभोवती माझ्या शास्त्रात मोठा वाद झालेला आहे. हॅरी फ्रँकफर्ट या तत्त्वज्ञाने १९८७ साली असं मांडलं की नैतिकदृष्ट्या समानता महत्त्वाची नसते, प्रत्येकाकडे पुरेसं असणं महत्त्वाचं असतं. सगळ्यांना पोटभर मिळत असेल तर कुणाच्या ताटात जास्त आहे याची चिंता कशाला करायची? हा युक्तिवाद वरवर पटतो. एलिझाबेथ अँडरसन यांनी १९९९ साली वेगळी बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, समतेचा मुद्दा मुळात वाटपाचा नाहीच, तो नात्याचा आहे. माणसं एकमेकांसमोर बरोबरीने उभी राहू शकतात का, कुणी कुणापुढे वाकतं का, कुणाचा शब्द ऐकला जातो आणि कुणाचा टाळला जातो, ते बघा. उच्च न्यायालयाने वस्तीला पुरेसं दिलं, बरोबरीचं मात्र दिलं नाही. त्या मावशींनी एका वाक्यात हा फरक पकडला होता.

याआधीही असंच घडलं होतं. १९८१ मध्ये फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याची मोहीम सुरू झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात पहिल्यांदा ठामपणे सांगितलं गेलं. जगभरच्या कायद्याच्या वर्गांत तो शिकवतात. पण फुटपाथवरची घरं हटवायला त्यात मनाई नव्हती, रीतसर नोटीस द्यावी आणि पावसाळा जाऊ द्यावा, मुख्यतः एवढंच होतं. तत्त्व मोठं, पदरात मात्र थोडंच. ही आपल्याकडची जुनी रीत झाली आहे आणि मला तिची चीड येते.

सभेनंतर त्या मावशी मला घरी घेऊन गेल्या. दहा बाय बाराची खोली, दाराशी निळा ड्रम, त्यावर झाकणाऐवजी पत्रा, पत्र्यावर वीट. आत पस्तीस लिटरचे तीन कॅन. एक पिण्याचा, त्याला स्वच्छ फडकं गुंडाळलेलं आणि त्याला लहान मुलांनी हात लावायचा नाही. उरलेले दोन वापराचे. पाणी मुख्य रस्त्यापलीकडच्या लाइनवरून कुणीतरी मोटर लावून ओढायचं आणि विकायचं. एका कॅनला वीस रुपये. ट्रॉलीवाल्याने घरपोच आणला तर वर पाच. मी तिथेच हिशेब केला. वीस रुपयांना पस्तीस लिटर म्हणजे हजार लिटरला पावणेसहाशेच्या आसपास. त्या काळी महापालिकेकडून घरगुती पाणी हजार लिटरला चार-पाच रुपयांच्या घरात मिळत होतं. शहरातली सगळ्यांत गरीब बाई शहरातलं सगळ्यांत महाग पाणी पीत होती, आणि त्यातला एक रुपयाही महापालिकेला मिळत नव्हता.

धुणं दोन दिवसांआड. आंघोळीचं पाणी परातीत उभं राहून घ्यायचं आणि तेच मग मोरीत नि संडासाला. पाळीच्या दिवसांत मुली शाळेला दांडी मारतात याचं कारण त्यांनी मला इकडेतिकडे न पाहता सांगितलं. सेन यांची 'क्षमता' ही कल्पना, म्हणजे माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो हे बघणं, मी वर्गात अनेकदा शिकवली आहे. त्या खोलीत ती शिकवावी लागत नाही. पाणी किती लिटर मिळालं याबरोबरच ते आणण्यात कुणाचा दिवस गेला, कुणाची शाळा बुडाली, कुणाची कंबर गेली, हेही मोजलं पाहिजे. लिटरच्या आकड्यात ते येत नाही.

मावशींना काय हवं होतं, तेही सांगते. त्यांना हवं होतं बिल. "मीटर बसवा, बिल माज्या नावावर काढा. मी भरते. इकत पाणी घेतच हाय की." त्यांच्या बोलण्यात फुकट हा शब्द एकदाही आला नाही. राजकीय सिद्धांतातली माणसं याला मान्यता म्हणतात, म्हणजे बरोबरीचा माणूस म्हणून दखल घेतली जाणं. नॅन्सी फ्रेझर यांनी वाटप आणि मान्यता हे न्यायाचे दोन वेगळे पैलू म्हणून मांडले आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही असं बजावलं. नावावरचं बिल हे दोन्ही एकदम मागतं.

नेमकी हीच गोष्ट व्यवस्थेला नको असते. मुंबईत कागद म्हणजे पुरावा, आणि पुरावा म्हणजे पात्रता. फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, मतदार यादी, लाइट बिल, परिशिष्ट दोन म्हणजे पुनर्वसनासाठीची पात्रता यादी. वस्तीत लहान मुलालाही हे शब्द पाठ असतात. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांचं नाव आलं त्यांना फोटोपास मिळाले. मग संरक्षणाची तारीख पुढे पुढे सरकत गेली. १ जानेवारी १९९५, त्यानंतर १ जानेवारी २०००, आणि त्यापुढच्या २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. पाण्याचं बिल हातात आलं की उद्या घरही मागतील, ही भीती प्रत्येक परिपत्रकामागे उभी असते. म्हणून २०२२ साली महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणलं तेव्हा त्यात जोडणी मानवतेच्या दृष्टिकोनातून देण्यात आली, आणि तिचा वापर झोपडीच्या वैधतेचा पुरावा म्हणून करता येणार नाही हेही स्पष्ट केलं गेलं. धोरण आलं याचा मला मनापासून आनंद झाला. अनेक वस्त्यांत पहिल्यांदा नळ आले, त्यामागे कार्यकर्त्यांची कित्येक वर्षांची पायपीट आहे. तरीही मानवतेच्या आधारावर दिलेल्या गोष्टीसाठी आभार मानावे लागतात. हक्काच्या गोष्टीसाठी मानावे लागत नाहीत, आणि ती मिळाली नाही तर तक्रार करता येते.

आता तारखेबद्दल. माझं गेल्या काही वर्षांतलं काम जास्त करून याच्याभोवती आहे.

रॉल्सचा समाज बंद आहे. माणसं त्यात जन्माने येतात आणि मृत्यूने बाहेर जातात, असं तो गृहीत धरतो. मुंबईत माणसं सीएसएमटीला, दादरला, कुर्ला टर्मिनसला उतरून येतात. पडद्याआड नियम ठरवायला कोण बसणार, हेच आधी ठरवावं लागतं, आणि ते आपल्याकडे एका तारखेने ठरतं. जोसेफ कॅरन्स या राजकीय तत्त्वज्ञांनी देशोदेशीच्या, कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांबद्दल एक युक्तिवाद केला आहे. माणूस जितका जास्त काळ एखाद्या समाजात राहतो, राबतो, मुलं वाढवतो, नाती जोडतो, तितका त्याचा तिथे राहण्याचा नैतिक हक्क वाढत जातो. आलेल्या दिवशी तो कायदा मोडून आला असला तरी. म्हणजे काळ माणसाच्या बाजूने काम करतो. आपली कट-ऑफ डेट याच्या उलट चालते. २००१ साली आलेला माणूस २०११ मध्येही 'नंतरचा' आणि २०१४ मध्येही 'नंतरचा'. त्याने इथे काढलेल्या एकाही वर्षाला किंमत नाही. ही माणसं तर परदेशी नाहीत. देशाच्या कोणत्याही भागात राहण्या-स्थिरावण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या १९व्या कलमाने त्यांना दिलेलं आहे, मतदानाच्या दिवशी रांगेतही तीच असतात. एलिझाबेथ कोहेन यांनी २०१८ साली काळाच्या राजकीय किमतीवर लिहिलं. मुदती आणि तारखा तटस्थ दिसतात, कारण घड्याळ सगळ्यांसाठी सारखंच चालतं; पण तारीख कोणती निवडायची हा सत्तेचा निर्णय असतो. १ जानेवारी २००० ला मुंबईत असं काय घडलं होतं की ३१ डिसेंबरला आलेल्याला तहान लागते आणि २ जानेवारीला आलेल्याला लागत नाही? मी हा प्रश्न चर्चासत्रांत विचारते तेव्हा कुठेतरी रेघ मारावीच लागते ना, असं उत्तर येतं. घरांच्या बाबतीत मी ते ऐकून घेईन, जमीन मर्यादित आहे. पाण्याच्या बाबतीत ते मला मान्य नाही.

याचं मुख्य कारण महाडमध्ये आहे.

आपण महाराष्ट्रातले लोक सामाजिक न्यायाचा सिद्धांत शिकायला हार्वर्डपासून सुरुवात करतो. माझं शिक्षणही तसंच झालं. पण पाणी आणि समता यांचं नातं इथे १९२७ सालीच मांडून झालं आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर हक्क होता, तळ्याकाठी नव्हता. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केलं की चवदार तळ्याचं पाणी प्यायलं नाही म्हणून आपण आजवर मेलो नव्हतो; आपण इतरांसारखीच माणसं आहोत हे सिद्ध करायला तिथे जायचं आहे. त्यांनी त्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. पुरेसं की बरोबरीचं, या वादातलं इतकं स्वच्छ उत्तर मला नंतरच्या कुठल्याही इंग्रजी जर्नलात सापडलेलं नाही.

महाडच्या दाव्याचा निकाल मी फार उशिरा, या तारखेच्या कामासाठी, नीट वाचला. तळं आपल्या मालकीचं आहे आणि अस्पृश्यांना तिथून पाणी न घेऊ देण्याची रूढी पुरातन आहे, असा दावा महाडच्या सवर्णांनी लावला होता. जवळपास दहा वर्षं तो चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण रूढी अनादिकाळापासून चालत आल्याचं दावेदारांना सिद्ध करता आलं नाही. म्हणजे 'कधीपासून?' हा प्रश्न त्या खटल्यातही होता. तो विचारला गेला पाणी नाकारणाऱ्यांना. पुरावा त्यांनी आणायचा होता. आज मानखुर्दच्या बाईला प्लास्टिकच्या पिशवीत पंचवीस वर्षांचे कागद जपून ठेवावे लागतात, पावसाळ्यात खोलीत पाणी शिरलं की आधी ती पिशवी माळ्यावर टाकावी लागते. 'कधीपासून?' हा प्रश्न आता पाणी मागणाऱ्याला विचारतात. या उलथापालथीवर मी सध्या लिहिते आहे. माझ्या आजवरच्या अभ्यासातला मला सगळ्यांत जवळचा वाटणारा हा भाग आहे.

वस्तीसाठी जास्त पाणी मागायचं तर ते येणार कुठून, हा प्रश्न मला विचारला जातो आणि तो टाळता येत नाही. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. धरणांच्या आसपासच्या आदिवासी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. तो विहिरीत पाणी ओततो आणि बायका ते पुन्हा दोरीने शेंदून काढतात. मुंबईकडे जाणारी जलवाहिनी तिथून दिसते. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिकडे जाते, कारण मानखुर्दच्या नळाचं दुसरं टोक त्यांनी पाहिलं पाहिजे. शहराला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. लोकसंख्या १ कोटी ३० लाख धरली आणि तिसरा हिस्सा गळती-चोरीत गेला असं मानलं, तरी माणशी दोनशे लिटरच्या आसपास उरतं. त्यातून उद्योग, हॉटेलं, रुग्णालयं वजा करावी लागतील हे खरं. पण ४५ हा आकडा टंचाईतून आलेला नाही, एवढं या भागाकारातून दिसतं. म्हणून मुंबईच्या पाण्यासाठी आखलेल्या गारगाई धरणासाठी आणखी गावं उठवण्याची भाषा झाली की आधी शहरातल्या वाटपाचा हिशेब मांडा, असं मी म्हणते. ज्युडिथ श्क्लार यांनी दुर्दैव आणि अन्याय यांतली रेघ राजकारणाने ठरते असं दाखवून दिलं. पाऊस कमी पडणं हे दुर्दैव. तलाव भरलेले असताना टँकरची वाट बघावी लागते तेव्हा तो शब्द वापरू नये.

विद्यापीठीय जगाबद्दल थोडंसं. २०१० मध्ये आमची बढती गुणांशी जोडली गेली. इंग्रजी जर्नलातल्या लेखाला गुण असतात, वस्तीसाठी मराठीत लिहिलेल्या टिपणाला जवळपास नसतात. तरुण सहकारी विचारतात, हे सगळं करायला वेळ कसा काढता? मी त्यांना सांगते, लेख लिहा, चांगल्या ठिकाणी छापून आणा, पण तो लेख ज्यांच्या पाण्यावर उभा आहे त्यांना मराठीत वाचून दाखवल्याशिवाय छापायला देऊ नका. वस्ती म्हणजे उदाहरणांचं गोदाम नव्हे. वाचून दाखवल्यावर लेख सुधारतो, हा माझा ठाम अनुभव आहे. 'मानवतेच्या आधारावर' या भागावर मी सहा पानं लिहिली होती. ती ऐकून एका मुलीने सांगितलं, मॅडम, यात नळ पाच-सात घरांत मिळून एक असतो आणि त्या घरांच्या गटाचा सेक्रेटरी कायम पुरुष असतो हे कुठेच नाही. बिल कुणाच्या नावावर, यात बाई की पुरुष हा प्रश्न तिने आणला, आणि लेखाचा मध्यच बदलला.

नळ मिळवून देतो तो प्लंबर, कार्यकर्ता, वकील, वॉर्ड ऑफिसातला एखादा भला अभियंता. सिद्धांत शिकवणाऱ्याने त्याचं श्रेय घेऊ नये. माझं काम मागणीची धार नीट लावण्याचं आहे. पुरेसं मागतो आहोत की बरोबरीचं? दया मागतो आहोत की हक्क? पुरावा कुणी आणायचा? हे सुटं करून ठेवलं की अर्जाचा मजकूर बदलतो.

या उन्हाळ्यात वस्तीतल्या बायकांनी अर्ज केला आहे. मीटर बायकांच्या नावावर निघावेत, माणशी ४५ ऐवजी १३५ लिटर धरावेत, आणि जोडणी पुरावा म्हणून वापरता येणार नाही ही अट काढून टाकावी, अशा त्यांच्या मागण्या आहेत. मजकूर त्यांनीच सांगितला, मी टाइप केला. कार्यालयातून अजून उत्तर नाही. पावसाळा संपला की पुन्हा जायचं ठरलं आहे, आणि त्या वेळी अर्जाला १७ मार्च १९३७ चा निकालही जोडायचा आहे.